दूध भरपूर देतेय, मग गाय सुखात आहे का?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

"काही दुखत-खुपत नाही हो तिला, वीस लिटर देतेय!" दौंड, पुरंदर, बारामतीकडे फिरताना हे वाक्य रोज कानावर पडतं. परवा इथल्या देशी-संकरित दुधाच्या धाग्यावर कोथरूडच्या एका सदस्याने तेच लिहिलेलं दिसलं, "जनावराचे हाल होत असते तर त्याने दूध दिलंच नसतं." तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा. मी पशुवैद्यक आहे, मोठ्या जनावरांचं काम करतो. कुठल्या डेअरीशी किंवा खाद्य कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

जनावर आजारी पडलं की दूध घटतं, हे खरं. पण त्यावरून दूध टिकलंय म्हणजे जनावर ठणठणीत आहे, असं होत नाही. पिढ्यान् पिढ्या जास्त दुधासाठी निवडत आणलेल्या गाईचं शरीर आधी दूध भागवतं, मग स्वतःकडे बघतं. व्याल्यानंतर पहिले काही आठवडे ती खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधावाटे बाहेर जाते. ती तूट अंगावरची चरबी वितळवून भरून निघते आणि ते फार झालं की किटोसिस. चिकातून कॅल्शियम एकदम जातं, रक्तातलं कमी पडतं, मग गाय मान पोटाशी वळवून बसून राहते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. दोन-तीन लिटरच्या खिलार गाईला तो क्वचित. होतो तो गोठ्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गाईला. आपल्या ऊसपट्ट्यात त्यात वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, भर. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि हंगामात वाढ्याशिवाय चारा असतो कुठे?

हे झाले डोळ्यांना दिसणारे आजार. न दिसणारे दोन मोठे: सुप्त कासदाह आणि लंगडणं.

कासदाहाला आपल्याकडे दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी टणक होते. पण टणक होण्याच्या आधी, कधी कधी कित्येक महिने, दूध दिसायला पांढरंशुभ्र आणि आत दाह चालूच, अशी अवस्था असते. चार खणांच्या प्लास्टिकच्या तबकडीत चारी सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच जांभळं द्रावण घालून गोल फिरवायचं. तीन खणांत पाणीदार राहतं आणि चौथ्यात शेंबडासारखी चिकट तार धरते. मालक तबकडीकडे बघतो, मग गाईकडे बघतो आणि म्हणतो, "पण दूध तर आहे की." तार धरते ती पेशींमुळे, दाह झाला की दुधात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी मुख्यतः. निरोगी सडाच्या दुधात त्या साधारण मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात. युरोपात संकलनाच्या दुधाला चार लाखांची मर्यादा आहे. आपल्याकडे संकलन केंद्रावर बघतात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). पेशी कोण मोजतो?

लंगडण्याचं तर विचारूच नका. कोबा, त्यावर शेण-मुताचा ओलावा आणि भरड्याचा मारा. धान्य फार झालं की पोटात आम्ल वाढतं, त्याचा परिणाम खुराच्या आतल्या नाजूक थरावर होतो. गाय मागचा एक पाय टेकवते न टेकवते. खूर धुऊन चाकूने पातळ पातळ साळत गेलं की तळव्यात मुगाच्या डाळीएवढा काळा ठिपका सापडतो. त्याचा माग काढत गेलं की चाकूचं टोक अचानक आत जातं आणि करड्या रंगाचा, डोकं उठेल अशा वासाचा पू दाबाने बाहेर येतो. तोवर झटके देणारी गाय त्या क्षणी पाय सैल सोडते. नखाखाली पू झालेल्या माणसाला विचारा, तो का ते सांगेल. अशा गाई त्याच दिवशी सकाळी आठ-नऊ लिटर देऊन आलेल्या असतात.

चर्चा करूया. शेतकऱ्यांना झोडायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो.


पर्वतीवासी

वाचतोय. पण एक प्रामाणिक प्रश्न. ग्राहकाने यात करायचं काय? माझ्यापर्यंत येते ती पिशवी. तिच्यावर गाईचा पाय दिसत नाही.


मीना_हडपसर

लेख आवडला असं म्हणवत नाही, पण उपयोगी आहे. डॉक्टर, मला हे विचारायचंय की जनावराला आपल्याइतकं दुखतं का? माझे सासरे म्हणायचे, "मुक्या जनावराला सवय असते, माणसाएवढं नाही लागत त्याला." त्यांचा जनावरांवर जीव होता, म्हणून हे वाक्य कायम खटकत आलंय.


कऱ्हाकाठ

मीनाताई, सासऱ्यांचा अनुभव चुकीचा नव्हता, अर्थ चुकीचा लावला गेला. गाय-म्हैस ही शिकार होणारी जात. कळपात जी लंगडते ती वाघाच्या नजरेत आधी भरते. त्यामुळे दुखणं दडवायचं हे त्यांच्यात मुरलेलं आहे. वेदना वाहून नेणाऱ्या नसा, मेंदूपर्यंतचा मार्ग, भूल आणि वेदनाशामक औषधांना मिळणारा प्रतिसाद, हे सगळं मूळ रचनेत आपल्यासारखंच आहे. कमी असतो तो आरडाओरडा.

बघायला शिकलं की दिसतं. कान मागे वळलेले किंवा खाली लोंबलेले. डोळ्यांवर आणि नाकपुड्यांभोवती ताण. पाठ कमानीसारखी. दात खाणं, म्हणजे करकर आवाज. रवंथ कमी. बाकीच्या गव्हाणीवर आणि ही मागे एकटी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाईच्या चेहऱ्यावरून आणि वागण्यावरून वेदना ओळखायची पद्धत मांडली. खरं तर आपल्याकडचा जुना गुराखी हे न शिकता ओळखायचा. आता पन्नास गाई आणि दोन कामगार, तेही दर सहा महिन्यांनी बदलणारे. ओळखायचं कुणी?

वेदनाशामकांबद्दलही लिहितो, कारण तिथे आपण फार कंजूष आहोत. कासदाहाला प्रतिजैविक सगळे देतात, वेदनाशामक बरेचदा "खर्च वाढतो" म्हणून गळतं. न्यूझीलंडमध्ये कासदाहाच्या गाईंना प्रतिजैविकासोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन बघितलं, तर ज्या गाई पुढे कळपातून काढाव्या लागतात त्यांचं प्रमाण कमी झालं. म्हणजे दयेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हिशेब जमतो.

आणि कृपा करून मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. ते औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पळवाट म्हणून माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्याच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरचीच ठेवली. कीटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, तेच वापरा.


यवतचा_गोठा

डॉक्टर, राम राम. तुमचं सगळं मान्य. आता आमचं ऐका.

दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर. पॉइंट खाली गेला की पैसे कापतात. सडाला सूज नाही म्हणून कुणी रुपया जास्त दिलाय? गोळी पेंडीचं पोतं, मुरघास, मजुरी, सगळं वर चाललंय. २०२४ च्या सुरुवातीला सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं ते उगाच नाही. अशात गाईला आठवडाभर औषध चालू, दूध घालायचं नाही, आणि तिला खायला मात्र पहिल्याइतकंच. म्हणून माणूस म्हणतो, बघू, आपोआप बरी होईल.

खुरं साळायला माणूस कुठाय? पूर्वी बैलाला पत्री मारणारे गावात यायचे. आता शंभर गाईंच्या गोठ्याला ठेकेदार येतो, आमच्यासारख्या आठ-दहा गाईंकडे कोण फिरकतो?

मी मुक्त संचार गोठा केला. जाळी मारली, मधे माती, कडेला सावली, पाणी चोवीस तास. गाई आपल्या मनाने उठतात-बसतात, माज लगेच ओळखू येतो, पाय सुधारले. पण हेही लिहितो, नाहीतर लोक यूट्यूब बघून उड्या मारतात: पावसाळ्यात तीच माती चिखल होते, गाई त्यातच बसतात आणि कास खराब होते. उतार नीट काढला नाही तर कोबा परवडला म्हणायची वेळ येते. शेजाऱ्याने मोडला शेवटी.


ग्रंथकीटक

थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला. बंदिस्त पशुपालनात जनावराला निदान वळता यावं, उठता-बसता यावं, अंग चाटता यावं आणि हातपाय ताणता यावेत, एवढी साधी मागणी त्यात होती. एवढंही मिळत नव्हतं, हे त्यातून कळतं. पुढे १९७९ मध्ये तिथल्या पशुकल्याण परिषदेने पाच स्वातंत्र्यं मांडली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-जखम-रोग, भीती-ताण यांपासून मुक्तता आणि पाचवं, स्वाभाविक वागण्याची मुभा.

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याआधीचा, १९६० चा. त्याच्या १२ व्या कलमात फुका आणि डूमदेव (दूध काढण्यासाठी गाईच्या योनीत हवा फुंकणं) या जुन्या क्रूर प्रथांसोबत, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक ठरेल असं कुठलंही इंजेक्शन देणं गुन्हा आहे. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणाऱ्यांना हे कलम कुणीतरी वाचून दाखवावं.

माझा आक्षेप एवढाच की डॉक्टरांच्या लेखात 'रोग नाही म्हणजे कल्याण' असा सूर लागतोय. पिंजऱ्यातल्या कोंबडीला जंत कमी होतात, कारण ती स्वतःच्या विष्ठेवर चालत नाही. रोगाच्या तक्त्यात ती पास. तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, ते कुठल्या तक्त्यात लिहायचं?


कऱ्हाकाठ

तसा सूर लागला असेल तर तो माझ्या धंद्याचा परिणाम. मला बोलावतात ते आजाराला, कंटाळलेल्या गाईसाठी कुणी फोन करत नाही. आक्षेप मान्य. कोंबड्यांचं मात्र कुणीतरी त्यातल्या माणसाने लिहावं.


खुराडा_नं_७

लिहितो. करारावरच्या ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या, फार्मवर सुपरवायझर होतो, भोर-मुळशी भागात. आता सोडलंय. कंपनीचं नाव विचारू नका.

पुणे म्हणजे पोल्ट्रीवाल्यांची पंढरी. पण इथे येणाऱ्या शहरी लोकांना ब्रॉयलर काय चीज आहे हे माहीत नसतं, म्हणून एक प्रयोग सांगतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ च्या आणि १९७८ च्या जुन्या वाणांच्या जपून ठेवलेल्या कोंबड्या आणि २००५ चा ब्रॉयलर, तिघांना एकसारखं खाद्य देऊन वाढवलं. ५६ व्या दिवशी वजनं: १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ ग्रॅम, २००५ चा ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच. फरक सगळा पैदाशीतला. हार्मोन टोचतात वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते सोडून द्या, टोचायची गरजच उरलेली नाही.

आता हे वजन पेलायचं कुणी? पाय त्याच वयाचे, हाडं पिल्लाची. ब्रिटनमध्ये ५१ हजार पक्षी चालवून बघितले, सरासरी वय ४० दिवस. २७ टक्क्यांहून जास्त पक्ष्यांची चाल खराब होती आणि तीनेक टक्के तर जवळपास चालूच शकत नव्हते.

त्यांना दुखतं का? ब्रिस्टलमधला २००० सालचा प्रयोग मला कधीच विसरता येणार नाही. पक्ष्यांसमोर दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात वेदनाशामक, एकात नाही. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि जितका पक्षी जास्त लंगडा तितकं त्याने ते जास्त खाल्लं. चांगल्या पायांच्या पक्ष्यांपेक्षा त्यांचा कल स्पष्ट वेगळा होता. पाखराने स्वतःची गोळी स्वतः शोधून घेतली. यापुढे "त्याला काय कळतं" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

फार्मवर आमचं काम काय, तर सकाळी शेडमध्ये फेरी मारायची, मेलेले उचलायचे, पाय गेलेले वेगळे काढायचे. एका पक्ष्यावर औषधोपचार ही कल्पनाच नाही. डॉक्टर, तुमची गाय लाखाची असते म्हणून तिच्यासाठी तुम्हाला बोलावतात. पक्ष्याची किंमत दोन-अडीचशे. त्यात कोण कुणाला तपासणार? हिशेब होतो तो अख्ख्या शेडचा: मर किती, खाद्याचं वजनात रूपांतर किती. शेडचा आकडा फर्स्ट क्लास आणि कोपऱ्यात चार पक्षी पाण्यापर्यंत सरकू न शकल्याने सुकलेले, हे एकाच दिवशी असायचं.

पर्वतीवासी, तुम्ही विचारलंत ना ग्राहकाला काय दिसतं? दुकानात पाय सोलायच्या आधी गुडघ्यासारखा जो मागचा सांधा असतो तिथे बघा. तपकिरी-काळा चट्टा दिसला तर तो ओल्या तुसावर बसून बसून भाजल्यासारखा झालेला डाग आहे. अमोनियाने होतो. पक्षी उभा राहत नव्हता आणि तूस ओलं होतं, या दोन्ही गोष्टी तो डाग सांगतो.

अजून एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. या पक्ष्यांचे आईबाप. त्यांना वर्षभर जगवून अंडी घ्यायची असतात. पोटभर खाऊ घातलं तर ते वजनानेच मरतील, म्हणून मोजून, बरंच कमी खाद्य देतात. म्हणजे पैदास अशी केली की भूक प्रचंड, आणि ती भागवली तर आजार. उपाशी ठेवायचं की आजारी पाडायचं, एवढाच पर्याय शिल्लक ठेवलाय. ग्रंथकीटक, हे कुठल्या स्वातंत्र्यात बसतं ते सांगा.


ग्रंथकीटक

कुठल्याच नाही. निरुत्तर.


पर्वतीवासी

आज रात्रीचा बेत बदलला. (ही कोटी नाही.)


सदाफुली

अंड्यांच्या कोंबडीचं राहिलं. वर्षाला तीनशेच्या वर अंडी, एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. खाद्यातून पुरलं नाही तर ते हाडांतून जातं. हाडं ठिसूळ होतात, छातीचं हाड मोडतं. पण गंमत अशी की पिंजरा काढल्याने ते थांबत नाही. मोकळ्या शेडमध्ये मचाणावरून उड्या मारताना, आपटून, ही मोड जास्तच दिसते. युरोपने २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले ते योग्यच, पण 'पिंजरामुक्त' लिहिलेला खोका घेतला की झालं, असं समजू नये. आपल्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर अहवाल दिला होता.


वीगन_विमाननगर

इतकं सगळं लिहून शेवटी "मेलॉक्सिकॅम वापरा"? सगळे मिळून मूळ प्रश्नाला बगल देताय. दूध काढणं हाच प्रश्न आहे. गाईला दरवर्षी गाभण ठेवायचं, वासरू तोडायचं, आणि मग तिच्या खुराची काळजी करायची. उत्पादन थांबवा, वेदना थांबेल.


यवतचा_गोठा

ताई, तुमचं एक बरोबर आहे, ते आधी बोलतो, कारण आमच्यातले ते बोलत नाहीत. वासराचं. एचएफच्या (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) पोटी गोऱ्हा झाला की घरात सुतक असतं. शेतीला ट्रॅक्टर आहे, त्या गोऱ्ह्याला खांदाच नाही, औताला चालत नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर विकायलाही येत नाही. मग त्याला दूध कमी पाजतात. सरळ मारत नाही कुणी, पण जगवतही नाही. रात्री टेम्पोतून हायवेला सोडून येतात. कालवड असली तर बाटलीने पाजतो आम्ही. लिंगनिश्चित रेतनाच्या कांड्या (बहुतेक कालवडीच व्हाव्यात अशा वीर्याच्या नळ्या) आल्यापासून गोऱ्हे कमी झालेत, हे त्या तंत्राचं पुण्यच म्हणा.

पण "थांबवा" म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे अडीच एकर, त्यातलं निम्मं कोरडवाहू. दर दहा दिवसांनी हातात येणारा पैसा फक्त दुधाचा. ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो.


वीगन_विमाननगर

दादा, तुम्ही हे उघड लिहिलंत याबद्दल आदर आहे. माझा राग तुमच्यावर नाही. पण कायदा गोऱ्ह्याला कत्तलीपासून वाचवतो आणि उपासमारीने मरू देतो, तेव्हा तो नेमकं कुणाला वाचवतो?


जुना_जाणता

लगेच संकरित गाईवर घसरू नका. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ ही पशुविकासाची संस्था सुरू केली, गोठित रेताने संकर घराघरांत नेला, तेव्हा दोन लिटरच्या गाई होत्या आणि मुलं शाळा सोडून गुरांमागे जायची. त्या दुधावर आमच्यासारखी कित्येक घरं उभी राहिली. आणि देशी गाय म्हणजे सुखी गाय असंही नाही. उन्हाळ्यात हाडांचा सापळा झालेली, गोचिडांनी भरलेली देशी गाय मी लहानपणी भरपूर बघितलीय.


कऱ्हाकाठ

जुनाजाणतांशी शंभर टक्के सहमत. देशी गाय दमट उकाड्याला तगते, दुग्धज्वर कमी, पण उपासमार आणि जंत हेही हालच. दोष जातीचा नाही, निवडीत आपण काय मोजलं याचा आहे. फक्त लिटर मोजले तर लिटर वाढतात आणि कासदाह, गाभण न राहणं त्यांच्या मागून येतं, कारण अनुवंशात या गोष्टी काही प्रमाणात जोडलेल्या आहेत. नॉर्वेने १९७० च्या दशकातच गाईंच्या आजारांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि वळू निवडताना त्याच्या मुलींचं दूध आणि त्यांचा कासदाह दोन्ही बघितले. त्यांच्या तांबड्या गाई दूधही देतात आणि पायावरही उभ्या राहतात. आपल्याकडे रेतनाची कांडी निवडताना विचारलं जातं, "आईचं दूध किती?" आईचे पाय कसे, हे मला आजवर एकाही पशुपालकाने विचारलेलं नाही.

दुसरं उदाहरण कॅनडाचं. दूध वाढवणारं बीएसटी हे संप्रेरक अमेरिकेत चालू झालं, कॅनडाने १९९९ मध्ये नाकारलं. कारण माणसाच्या आरोग्याचं नव्हतं, गाईच्या होतं. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्के आणि लंगडण्याचा ५० टक्क्यांहून जास्त वाढतो. दूध मात्र वाढत होतं. धाग्याच्या शीर्षकाचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

विमाननगरच्या ताईंचा कायद्याचा प्रश्न मी टाळत नाही. मरणाची वाट बघत पडलेली, मागचा भाग कामातून गेलेली गाय समोर असते आणि मालक हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, पाप माझ्या माथी नको." तडफडणाऱ्या, बरं न होणाऱ्या जनावराला वेदनारहित मरण द्यायची सोय कायद्यात आहे. आड येतो तो मालकाचा धर्म, आणि तो मी मोडत नाही. सलाईन लावतो, कूस बदलायला सांगतो, वेदनाशामक देतो. पाठीला जखमा पडतात. बरोबर वागतो का, हे ठरवता आलेलं नाही.


मावळा_ट्रॅक्टरवाला

आणि बैलगाडा शर्यत? त्याबद्दल एक अक्षर नाही? की जुन्नर-खेडच्या लोकांना दुखावायची भीती?


संपादक

शर्यतीवर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्ही कुलूपबंद करावे लागलेत. २०१४ ची बंदी, २०२३ चा निकाल, सगळं तिथे चघळून झालंय. इथे नको.


मीना_हडपसर

डॉक्टर, तो परिच्छेद वाचून बराच वेळ थांबले. यवतच्या दादांना एक विचारते. जर पिशवीवर लिहून आलं की या दुधातल्या पेशी तपासल्यात आणि दोन रुपये जास्त पडले, तर मी देईन. माझ्या सोसायटीतल्या निम्म्या बायका देतील. 'ए टू' लिहिलेल्या बाटलीला शंभर-शंभर रुपये देतातच की. पण ते दोन रुपये तुमच्यापर्यंत पोचतील का?


यवतचा_गोठा

ताई, खरं सांगू? दीड रुपया वाटेतच जिरेल. पण पन्नास पैसे आले तरी मी तबकडीचं द्रावण विकत घेईन.

बरं, कामाचं बोलतो. आमच्या वाडीत चौघांनी मिळून खुरं साळताना गाय उभी धरून ठेवायचा लोखंडी खोडा करून घ्यायचं ठरतंय, चाकं लावून, म्हणजे या गोठ्यातून त्या गोठ्यात ओढून नेता येईल. मागचा पाय बांधायची आडवी दांडी किती उंचीवर ठेवायची? फॅब्रिकेशनवाला म्हणतोय माप द्या. आणि खुराचा चाकू पुण्यात कुठे मिळतो? आमच्याकडचे लोक सुताराची पटाशी वापरतात.


कऱ्हाकाठ

पटाशी अजिबात नको, तळवा भोसकला जातो. मापं फळ्यावर टाकण्यापेक्षा असं करा: तुमची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान गाय उभी करून ढोपराची उंची घ्या आणि दांडी खाली-वर सरकणारी करा, भोकं पाडून पिन. पोटाखालून दोन रुंद पट्टे हवेतच, नाहीतर पाय उचलला की गाय अंग सोडून देते. खाली रबरी मॅट टाका. गाभण गाय शेवटच्या दोन महिन्यांत खोड्यात घालू नका. चाकू डावा आणि उजवा वेगळा येतो, दोन्ही घ्या. पशुवैद्यकीय साहित्य विकणाऱ्या दुकानात मागवून देतात.

पहिल्या खेपेला मला बोलवा, औषधांचा खर्च तेवढा द्या. बाकी पशुसंवर्धनचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहेच, फिरता दवाखाना येतो. लंगडणाऱ्या गाईसाठीही तो लावता येतो, तो आडव्या पडलेल्या गाईपुरताच नाही.


यवतचा_गोठा

रविवारी या. धारा झाल्यावर, दहाच्या पुढे. दोन लंगड्या माझ्याच आहेत, शेजाऱ्याची एक. त्याचं म्हणणं त्याची लंगडत नाही, "चालच तशी आहे तिची."


खुराडा_नं_७

मीही येऊ का? हडपसरहून लोकलने यवतला उतरेन.


यवतचा_गोठा

या की. येताना मेलॉक्सिकॅम घेऊन या, इथल्या मेडिकलला संपलंय.